भिजत न घातलेला मसूर

आधी मावशीचं सांगतो, मग बाकीचं. आमच्या चाळीत गॅलरीच्या त्या टोकाला, जिन्याला लागून तिची खोली आहे. परळच्या एका हॉस्पिटलात ती वॉर्डात आयाबाई आहे. चाळीतली पोरं, पोरांचे आईबाप, दूधवाला, मीटर बघायला येणारा माणूस, सगळेच तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तोंडावर ‘तुम्ही’ म्हणतो, मनात ‘ती’. ती माझ्या नात्यातली नाही, गावची नाही. माझ्यासाठी तिने काही करावं असं एकही कारण नव्हतं. तरी आज लालबागमध्ये मला पाठ टेकायला जागा आहे ती तिच्यामुळे. हे पहिल्यांदा लिहून टाकलेलं बरं. मी घाबरट माणूस. सांगता सांगता मध्येच अडखळलो तर निदान मुद्द्याची गोष्ट तरी सांगून झालेली असावी.

मी बुलढाण्याकडचा, खारपाणपट्ट्यातला. म्हणजे जिथे जमिनीत पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. चुलीवर दोन तास ठेवा, दाणा आपला जसाच्या तसा, टाळूला टोचणारा. म्हणून आमच्याकडे दिवेलागणीला बायका एकमेकींना हाक मारून विचारतात, “भिजवली का वो?” काय भिजवली ते सांगावं लागत नाही. तूर, मूग, मठ, काहीही असो, रात्रभर पाण्यात आणि सकाळी शिजवताना वर चिमूटभर पापडखार. खाराला खार लावला की डाळ नरमते, हे आमच्या घरचं शास्त्र. मी मुंबईला निघालो तेव्हा आईने कपड्यांत पापडखाराची पुरचुंडी बांधून दिली होती. तिकडे मुलाला भूक लागेल, झोप येणार नाही, कुणी फसवेल, यातलं काही तिने बोलून दाखवलं नाही. “तिथं खार भेटते का नाही कोणास ठाऊक,” एवढंच म्हणाली.

शाळा माझी नववीत सुटली. गणित मला घाबरवत होतं आणि घराला कमावते हात हवे होते, दोन्ही गोष्टी एकदमच जमून आल्या. गावाकडे मिळेल ते केलं, मग ओळखीने लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात लागलो. गिऱ्हाईक मिरच्या, धणे, खडा मसाला निवडून देतं, आम्ही तो भाजून, डंखावर, म्हणजे लोखंडी मुसळांच्या मशीनवर, कांडून देतो. पहिला आठवडा मी फक्त शिंकत होतो. आता अंगाला इतका मसाला बसलाय की माझ्या शेजारी बसणारा शिंकतो.

दुकानात अण्णा म्हणून एक जुने आहेत. मालवणकडचे. त्यांनीच मला त्यांच्या खोलीवर नेलं. ही खोली कुणा एकाची नाही, सबंध गावाची आहे. गिरणीच्या काळात गावातून येणाऱ्या माणसांसाठी गावकीने घेतलेली. भिंतीला ज्याची त्याची पेटी, दोरीवर ज्याचा त्याचा टॉवेल, आणि स्वयंपाकाची पाळी. नियम एकच मोठा: राहायचं तर गावचं असावं लागतं. परगावचा माणूस तोवर कधी ठेवला नव्हता.

“महिनाभर रव,” अण्णा म्हणाले. “मगे बैठकीत विचारू. तात्या हो म्हणाले तर झाला तुझा.”

तात्या म्हणजे गावचे मोठे. वर्षातून एकदोनदा मुंबईत लेकीकडे शीवला येतात, तेव्हा खोलीवर गावकीची बैठक बसते. आणि बैठकीची एक जुनी रीत आहे. ज्याचा विषय, त्याने जेवण करायचं. आधी पंगत, मग बोलणं. उपाशी माणूस नुसता भांडतो, असं अण्णांचं म्हणणं. म्हणजे माझा निकाल माझ्याच हातच्या जेवणावर लागणार होता. बाहेर भाड्याने राहायचं तर घरी पाठवायला काही उरलं नसतं. खोलीतून काढलं तर मला सरळ गावाला परत जावं लागणार होतं, आणि आल्याला महिनाच झालेला माणूस परत आला की गाव त्याला काय काय विचारतं, ते मला माहीत होतं.

श्रावण चालू होता, त्यामुळे मासे नव्हते, हे माझं नशीब. नाहीतर मी बैठकीआधीच पळालो असतो. बेत ठरला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि भात. ओल्या-सुक्या खोबऱ्याचं वाटप, मालवणी मसाला, शेवटी कोकम. अण्णांनी मला दोन वेळा करून दाखवलं होतं. रविवारी रात्री बैठक होती, म्हणून मी रविवारी पहाटेच उठून वाटाणे पातेल्यात भिजत घातले. दिवसभर भिजतील, संध्याकाळी कुकरला लावू. मोठ्या हुशारीने बसलो होतो. आमच्या गावच्या माणसाला भिजवण्यावरून कुणी शिकवायचं कारण नाही.

दहाच्या सुमाराला अण्णांचा फोन आला. ते तात्यांना आणायला शीवला गेले होते.

“ऐक रे. तात्या आज दुपारच्याच गाडयेन गावाक जातत. बैठक आताच घेवची लागतली. एक वाजेपर्यंत जेवाण व्हया.”

“अण्णा, वाटाणे भिजले नाहीत हो!”

“मगे काय तरी कर. मसाल्याच्या दुकानात काम करतंस मा?”

आणि फोन ठेवला. मसाल्याच्या दुकानात काम करणाऱ्याला सगळं रांधता येतं, असं त्यांना का वाटत होतं देव जाणे. मीठ विकणाऱ्याला काय पोहता येतं?

मी एक वाटाणा उचलून गॅलरीत आलो. नखाने दाबला, काही नाही. दातात धरला. आतून अगदी खडा. गॅलरीच्या कठड्याला टेकून मी तो दाढेखाली घेऊन फोडायला बघत होतो, एवढ्यात जिन्यावरून मावशी आली. रात्रपाळी करून, वाटेत भाजी घेऊन.

“काय रे, दात पाडून घ्यायचाय?”

मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, तात्या, गाडी, एक वाजता, वाटाणे. ती हसायलाच लागली.

“एवढ्यासाठी तोंड असं केलंस? मला वाटलं गावाहून कुणाचं काही कळलं. खोलीत अख्खा मसूर आहे का?”

“आहे की. डबा भरून.”

“मग झालं. वाटाणे ठेव बाजूला. गरम पाण्यात घालून झाकून ठेवले की लवकर होतात म्हणतात, पण आज प्रयोग नको. मसूर लाव. सेम वाटप, सेम मसाला.”

“पण मावशी, मसूरही भिजवलेला नाही.”

“कोण भिजवतं मसूर?”

मला वाटलं ती थट्टा करतेय. आमच्याकडे न भिजवलेली डाळ चुलीवर ठेवणं म्हणजे बी न पेरता शेतात विळा घेऊन जाणं.

“बाप्पा, शिजंल तो?”

“अरे मसूर आहे तो, खडी नाही. ऐक माझं. माझी ड्युटी आज सकाळची, उद्या रात्रीची, मध्येच कुणी आलं नाही की डबल. भिजवून जायचं आणि घरी येऊन कोंब मोजत बसायचं, किती वेळा झालं माझं! सोडलं मी ते. आता ऐक नीट, परत सांगणार नाही.”

आणि मग भाजीची पिशवी हातातच ठेवून तिने जिन्याच्या तोंडाशी मला मसूर शिकवला. चांगला चोळून धुवायचा. कुकरमध्ये चमचाभर तेलावर हिंग-हळद घालून परतायचा, दाणे तापेपर्यंत. तोवर शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवायचं आणि उकळतंच ओतायचं, नळाचं गार नाही. गार पाणी घातलं की तापायलाच वेळ जातो. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपली आपण बसू द्यायची, घाई करून शिट्टी उचलायची नाही.

“आणि कोकम शेवटी. आधी आंबट घातलंस की दाणा रुसतो, मग बस शिट्ट्या ऐकत. कळलं? मी झोपते आता. आजही रात्रीच ड्युटी आहे. दार वाजवायचं नाही. आग लागली तरच वाजव.”

सगळं तिने सांगितल्याप्रमाणे केलं. खरंच केलं. मसूर चोळला, परतला, वरून उकळतं पाणी ओतलं, फस्सकन आवाज झाला, वास छान सुटला. फक्त झाकण लावताना माझा हात थबकला. न भिजवलेला मसूर. माझं डोकं म्हणत होतं, मावशी म्हणाली ना? पण हात माझा खारपाणपट्ट्यातला. तो आपोआप पेटीकडे गेला, पुरचुंडी सोडली आणि पापडखार घालून मोकळा झाला. आई चिमूट घालते. पंधरा-वीस माणसांचं जेवण आहे म्हणून मी जरा सढळ हाताने घातला. आणि तीन शिट्ट्यांवर माझा विश्वास बसेना, म्हणून आणखी होऊ दिल्या.

कुकर उघडला तर आत मसूर नव्हता. आत चिखल होता. तपकिरी, गुळगुळीत, डाव घातला तर सपाट होऊन जाणारा. एक दाणा शोधून सापडेना. चाखून बघितलं तर जिभेवर साबण.

दार वाजवायचं नव्हतं. मी वाजवलंही नाही. मी फक्त गॅलरीत चालायला लागलो. आमच्या खोलीपासून तिच्या खोलीपर्यंत, परत आमच्यापर्यंत. मनात वेगवेगळी जेवणं करून बघत होतो. नुसता भात आणि लोणचं? तात्यांसमोर? मग खोलीवाले मला वाटाण्याच्या अक्षता लावतील, त्याही न भिजलेल्या. बॅग भरायला किती वेळ लागेल, संध्याकाळी गावाकडे कोणती गाडी आहे, तिथपर्यंत मी पोचलो होतो.

तिचं दार उघडलं. केस मोकळे, डोळे लाल.

“आग लागलीय?”

“नाही.”

“मग चालतोस कशाला सारखा? जुन्या फळ्या आहेत रे बाबा. माझ्या डोक्यातून चालतोयस.”

“मावशी, तुम्ही झोपा.”

“झोपू कशी? काय झालंय ते बोल आता.”

मी खोलीकडे हात केला. ती आली, कुकरमध्ये डोकावली, डावाच्या टोकाने थोडं घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“काय घातलंस?”

“काही नाही.”

“कपडे धुतलेस यात?”

“चिमूटभर पापडखार.”

“कुणाची चिमूट? हत्तीची?”

मग मी आमच्या पाण्याचं सांगितलं. साबण, बोअर, भिजवणं, आईची पुरचुंडी. हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. कमरेला पदर खोचला.

“अरे वेड्या, हे मुंबईचं पाणी. तलावाचं. गोडं पाणी आहे, ह्यात डाळ अशीच शिजते. तुझ्या गावचं पाणी तू बरोबर घेऊन आलायस का?”

“टाकून देऊ?”

“अन्न टाकतात? दुसरा कुकर काढ. पाणी उकळत ठेव. मसूर घे, ह्याच्या निम्मा. आणि ती पुरचुंडी दे माझ्याकडे.”

पुरचुंडी तिने खरोखरच काढून घेतली आणि ब्लाऊजमध्ये खोचली, लहान मुलाच्या हातातली काडेपेटी घ्यावी तशी. मग मी मसूर धुतोय, ती कांदा-खोबरं भाजतेय, मी मिक्सर लावतोय, ती ओरडतेय, “पाणी कमी, वाटप आहे ते, सरबत नाही.” मसाल्याचं मात्र तिने मला विचारलं. किती घालायचा, आधी की मागून. मी सांगितलं तेवढाच घातला. मला त्या गडबडीतही बरं वाटलं.

चिखल मोठ्या टोपात ओतून त्यात वाटप कालवलं. दाट, चांगला दिसणारा रस्सा झाला, पण साबणाची चव होतीच.

“आता कोकम,” मावशी म्हणाली. “ह्याला मात्र आत्ताच.”

कोकमाच्या आगळाची वाटी टोपात रिकामी केली आणि टोप फसफसायला लागला. वरपर्यंत फेस. मी मागे सरलो.

“मावशी, हे काय झालं!”

“काही नाही. खार आणि आंबट भांडतायत. भांडू दे. दमले की गप्प बसतील.”

खरंच बसले. फेस खाली गेला. मी चाखलं, साबण पुष्कळ गेला होता. आणखी थोडं कोकम, गुळाचा खडा, मीठ. आता जिभेला काही खटकेना. तोवर दुसऱ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या आणि वाफ बसायची होती. मावशी कुणाच्या तरी पेटीवर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मला शिट्टी उचलून बघायची फार इच्छा होत होती. उचलली असती तर आवाजाने ती उठली असती, म्हणून नाही उचलली. वाफ बसली तेव्हा झाकण काढलं. दाणे अख्खे. बोटात धरून दाबला, लोण्यासारखा. न भिजवलेला! मी तो एक दाणा बराच वेळ बोटावर घेऊन बघत होतो. ती डोळे न उघडता म्हणाली, “बघत काय बसलास, ओत रश्शात.”

भात मी टोपात चढवला तोवर जिन्यावर चपला वाजायला लागल्या. मावशी चटकन आपल्या खोलीत गेली.

पंगत बसली. खोलीत मावेना म्हणून अर्धी गॅलरीत. तात्यांना मध्ये बसवलं. मी भात वाढला, वर सांबारं घातलं. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ताटात बघत राहिले.

“वाटाणे खंय?”

सगळ्यांचे हात थांबले. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की डंखाखालच्या मिरचीला काय वाटतं ते मला कळलं. काहीतरी चांगलं बोलावं असं मनात होतं, पण तोंडातून खरं तेच आलं.

“तात्या, ते अजून भिजून राहिले.”

मग गॅलरीतून कुणीतरी हसलं, मग सगळेच. तात्या हसले नाहीत. त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. बैठक कशाची होती ते मी तेवढ्यात विसरलो, मला नुसता त्यांचा जबडा दिसत होता. मग त्यांनी ताट पुढे केलं.

“अजून घाल. भात नको, ह्याच.”

जेवणं झाल्यावर विषय निघाला. एकजण म्हणाला, माणूस चांगला असेल, पण उद्या गावातला पोर आला तर त्याला कुठे ठेवायचं? बोलणं चुकीचं नव्हतं. मीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. मी भांडी घासत होतो आणि हात आपोआप हळू झाले होते.

तात्या म्हणाले, “गावातली पोरां आता मुंबैक येतत खंय? सगळी गोव्याक पळतत. खोली रिकामी ठेवून उंदीर पाळूचे काय?”

“पण रीत...”

“रीत मोडूक नको. येतलो तो पोर, तेव्हा बघू. तोपर्यंत हो ऱ्हवांदे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पण पुढच्या बैठकीक वाटाणेच होये. आदल्या राती भिजत घातलेले. कळला?”

मी मान हलवली. हातात कुकर होता, तो तसाच धरून मान हलवली.

“एकट्यान केलंस ह्या सगळा?” तात्यांनी विचारलं.

“नाही, त्या टोकाच्या मावशींनी केलं. मी बिघडवलं होतं.”

“मगे तिका वाढलंस?”

नव्हतं वाढलं. मला सुचलंच नव्हतं. मी ताट घेऊन तिच्या दाराशी गेलो. दार बंद. ह्या वेळी मी गॅलरीत चाललो नाही, फळ्या वाजू नयेत म्हणून तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, नळाला पाणी येणार म्हणून. मला बघून दचकली.

“काय रे, काय ठरलं?”

“राहिलो मावशी. ठेवून घेतलं.”

“मग असं रडवेलं तोंड करून काय बसलायस? ताट दे इकडे.” आणि उभ्या उभ्या दारातच खायला लागली. दोन घास खाऊन म्हणाली, “तिखट कमी आहे.” मग आणखी खाल्लं.

“मावशी, झोपलात का थोडं?”

“कुठलं! तुमची बैठक म्हणजे बाजार. जाऊ दे, वॉर्डात डुलकी काढीन,” असं म्हणाली खरी, पण वॉर्डात डुलकी काढता येत नाही हे मला तिच्याच तोंडून कळलेलं होतं. बादली भरून, केस विंचरून ती पुन्हा रात्रपाळीला गेली. वाटाणे आम्ही पुढे दोन दिवस खात होतो.

तेव्हापासून मी मसूर भिजवत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मुंबईचं पाणी हाय, माणसालाही असंच नरम करते का?” मी म्हटलं, माहीत नाही. पापडखार मावशीने परत दिला नाही. तिने त्याचे पापड लाटले आणि त्यातले चार मला आणून दिले.

आता राहिलं माझ्याकडचं. मावशी, तुमचा एक रविवार माझ्याकडे आहे. मला सध्या तो फेडता येत नाही, माझीच पथारी दुसऱ्या गावाच्या खोलीत आहे. पण कधीतरी माझी स्वतःची खोली होईल, लहान का असेना, पक्क्या फरशीची, पावलांचा आवाज न होणारी. तुमची रात्रपाळी सुटेल त्या सकाळी मी तुम्हाला तिकडे घेऊन जाईन, पंखा लावून देईन, आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसेन. दूधवाला, मीटरवाला, गावकी, तात्या, कुणी येवो. तुम्ही आपणहून उठेपर्यंत त्या दारावर मी कुणाला हात ठेवू देणार नाही.